अर्जात अंधत्वाचा उल्लेख करावा का?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. पूर्ण अंध असून संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरतो. इंटर्नशिपच्या अर्जात हे सांगावे का?

उत्तर : माझ्या मते मुलाखतीचे बोलावणे आल्यावर सांगावे, चाचणी असेल तर मात्र आधीच. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 21 नुसार आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी व संपर्क अधिकारी यांचा उल्लेख असावा लागतो. तेव्हा पत्र त्याच अधिकाऱ्याला लिहावे. ‘मदत हवी’ असे मोघम न लिहिता, ‘बिलांचा तपशील छायाचित्राऐवजी एक्सेलमध्ये मिळाल्यास नोंदी मी स्वतः तपासतो’ असे लिहावे. त्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरला वाचता येते का, हे रुजू होण्यापूर्वीच पाहून घ्या. घोडे बहुधा तिथेच अडते.