जुन्या नाशकात राहणाऱ्या माझ्या बहिणीला नवऱ्याने व्हॉट्सॲपवर तीनदा ‘तलाक’ लिहून पाठवलं. लग्न मोडलं का? खर्च मागता येईल का?

नाही, लग्न मोडलेलं नाही, आणि खर्च नक्की मागता येईल. मी नाशिकमध्येच वकिली करते, त्यामुळे कायद्याचं नेमकं सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका दमातला तीन तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्यानुसार तो तोंडी, लेखी किंवा मेसेजवर दिला तरी गुन्हा आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात महिलांचा मोर्चा काढला तो याच अन्यायाविरुद्ध. फार उशीर झाला, पण कायदा आता बहिणीच्या बाजूने आहे.

तक्रार ती स्वतः देऊ शकते, रक्ताचं नातं म्हणून तुम्हीही. त्याच कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे तिच्या आणि मुलांच्या निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करता येतो, लहान मुलांचा ताबाही मागता येतो. मूळ मेसेज त्याच फोनवर राहू द्या, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. निकाहनाम्याची प्रत काढून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मात्र टप्प्याटप्प्याने, महिन्याच्या अंतराने दिलेल्या तलाकला २०१९ चा कायदा लागू होत नाही. तेव्हाही पोटगीचा हक्क राहतोच, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.