डी अँड डीमधील (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळातील) एखादा नियम उघडच चुकीचा वाटत असेल, तर डीएमने (खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने) तो शब्दशः पाळावा की स्वतःचा निर्णय द्यावा?

अदृश्य शत्रू आपल्या जादूगाराला ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ या अदृश्य गोष्टी दाखवणाऱ्या मंत्रामुळे स्पष्ट दिसत असूनही त्याच्यावर हल्ला करताना डिसॲडव्हान्टेज (वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरणे) का लागतो, यावरून आपल्या गटात वाद झाला, असे आपण प्रश्नाखाली लिहिले आहे. तेवढ्यापुरते उत्तर सोपे आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात अदृश्य पात्राचे लाभ एका स्वतंत्र वाक्यात दिले आहेत आणि ‘समोरच्याला तो दिसत नसेल तर’ ही अट त्या वाक्यात नाही. २०२४ च्या पुस्तकात ती घालण्यात आली. आपण जुन्या पुस्तकाने खेळत असाल, तर ही दुरुस्ती खुशाल उचलावी.

शब्दशः पाळावे की नाही, याबद्दल मात्र मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, कारण याच मुद्द्यावर आमचा सहा जणांचा चांगला चाललेला खेळ मोडला.

आम्ही धरमपेठेत माझ्या घरी खेळत असू आणि डीएम मी होतो. नवतप्याचे दिवस होते, दुपारी घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कूलरच्या आवाजावर आवाज चढवून बोलावे लागत असल्यामुळे साधे वाक्यही भांडणासारखे ऐकू येत होते. गटातील एक मित्र नागपूर खंडपीठात वकिली करतो आणि खेळाचे पुस्तक बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचे मूळ कलमवार पुस्तक, वाचावे तसे वाचतो. तो खेळवत असलेल्या रेंजरसमोर (रानात वावरणाऱ्या तिरंदाजासमोर) दरीपलीकडे, ४०० फुटांवर, नोल नावाच्या राक्षसांची टोळी होती. लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, साधा पल्ला १५० फूट आणि कमाल पल्ला ६०० फूट असल्याने एवढ्या अंतरावर डिसॲडव्हान्टेज लागतो. यावर त्याने काय करावे? त्याने ‘फॉग क्लाउड’ मंत्र स्वतःभोवतीच टाकला, २० फूट त्रिज्येच्या दाट धुक्यात स्वतःला बुडवून घेतले, आणि आता आपला डिसॲडव्हान्टेज गेला असे जाहीर केले.

त्याचा युक्तिवाद असा होता: धुक्यामुळे मला नोल दिसत नाहीत, म्हणून एक डिसॲडव्हान्टेज, अंतरामुळे दुसरा, पण नोलांनाही मी दिसत नाही, म्हणून मला एक ॲडव्हान्टेज (दोनदा टाकलेल्या फाशातील मोठा आकडा). आणि नियम सांगतो की दोन्ही प्रकार एकत्र आले की ते किती आहेत हे न मोजता सगळे रद्द होतात. म्हणजे ज्याला ११ किंवा त्याहून मोठा आकडा हवा आहे, त्याला स्वच्छ उजेडात २५ टक्के संधी आणि आंधळा होऊन नेम धरल्यास ५० टक्के. शब्दशः पाहता तो पूर्णपणे बरोबर होता. मी म्हणालो की ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पटणार नाही, आणि डिसॲडव्हान्टेज कायम ठेवला. त्याने पुस्तक माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, “दाखव ना बे, कुठे लिहून आहे?”

लिहिलेले कुठेच नव्हते. माझ्या मते हा नियम चुकीचाच आहे, आणि तो असा का झाला हेही कळण्यासारखे आहे. साडेतिसऱ्या आवृत्तीत अधिक-उण्याची न संपणारी बेरीज करावी लागे आणि मुळीच न दिसणाऱ्या शत्रूवरचा हल्ला ५० टक्के वेळा नुसताच वाया जाई. पाचव्या आवृत्तीने तो हिशेब काढून टाकला, खेळ वेगवान झाला, आणि त्या साफसफाईत धुक्याचा अर्थही निघून गेला. २०२४ मध्ये अदृश्यता, अचानक हल्ला, एका वेळी दोन मंत्र टाकणे असे अनेक गोंधळ निस्तरले गेले, पण धुके जिथल्या तिथे आहे. नियमांचा अर्थ लावण्याचा आणि ते बदलण्याचाही अधिकार डीएमला आहे, असे डीएमसाठीच्या २०१४ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. तेव्हा आपणही बेलाशक निर्णय द्यावा. नियमपुस्तक हे कायद्याचे पुस्तक नाही, आणि जो खेळाडू ते तसे वाचतो त्याला खेळायचे नसून जिंकायचे असते, असे मी त्या दिवशीही म्हणालो होतो. मित्र उठून गेला. पुढच्या रविवारी चौघेच आले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मीच बोलावले नाही.

आता दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. पहिली अशी की मी निर्णय दिला तेव्हा फासा पडून गेला होता आणि त्यावर १७ आले होते. निर्णय फासा टाकण्याआधी द्यायला हवा; १७ पाहिल्यानंतर दिलेला निर्णय कितीही शहाणपणाचा असला तरी तो समोरच्याला रडीचा डावच वाटणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. दुसरी गोष्ट मला सहा महिन्यांनी कळली. मित्राने ज्या वाक्यावरून ॲडव्हान्टेज मागितला त्याच्या थोडेच वर, त्याच शीर्षकाखाली, लिहिले आहे की न दिसणारे लक्ष्य कुठे आहे याचा अंदाज चुकला तर हल्ला आपोआप फुकट जातो. नोल तोवर जागेवरून हलले होते आणि ४०० फुटांवरून त्यांची चाहूल लागण्याचे काही कारण नव्हते. मी त्याला फक्त “बाण नेमका कुठे सोडतोस?” एवढेच विचारायला हवे होते, नियम मोडण्याची गरजच नव्हती.

परवा सीताबर्डीला तो भेटला तेव्हा मी हे त्याला सांगितले. तो म्हणाला, “मला तेव्हाही माहीत होतं. तुझी बाजू मांडायचं वकीलपत्र मी कुठे घेतलं होतं?”