‘स्पीक’ कादंबरीतली मेलिंडा पुन्हा बोलती कशी होते?

हळूहळू. म्हणूनच लॉरी हाल्स अँडरसन यांची ही १९९९ ची कादंबरी मला इतकी खरी वाटते.

हायस्कूल सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात एका पार्टीत एक मुलगा मेलिंडावर बलात्कार करतो. ती पोलिसांना फोन लावते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. पोलीस येतात, पार्टी उधळते आणि सगळी शाळा तिला चुगलखोर ठरवून वाळीत टाकते. खरं कारण कुणालाच ठाऊक नसतं.

वाचा परत येण्याआधी तिचे हात बोलू लागतात. चित्रकलेच्या तासाला चिठ्ठीत तिला ‘झाड’ हा विषय मिळतो आणि वर्षभर तिचं झाड काही जमत नाही. त्याच वर्गात ती टर्कीच्या हाडांची एक कलाकृती करते. त्यात बाहुलीचं डोकं असतं आणि बाहुलीच्या तोंडावर चिकटपट्टी! तिला काय सांगायचंय ते तिथेच दिसतं, फक्त पाहणारा हवा. चित्रकलेचे सर खोदून विचारत नाहीत, पण पाहतात.

मग ती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर त्या मुलापासून जपा असं लिहिते. खाली इतर मुलींची अक्षरं उमटतात, तेव्हा आपण एकट्या नाही हे तिला कळतं. जुन्या मैत्रिणीला ती सगळं कागदावर लिहून सांगते, पण मैत्रीण आधी विश्वासच ठेवत नाही. तो प्रसंग वाचताना माझ्या पोटात कालवलं.

तो मुलगा पुन्हा अंगावर येतो तेव्हा ती किंचाळते, प्रतिकार करते. पण माझ्या मते खरं बोलणं त्यानंतरचं आहे. झाड पूर्ण होतं आणि ती सरांना सांगायला लागते.