बाबासाहेबांच्या सहीचं जलमार्ग धोरणावरचं पत्र खरं असू शकतं का?

तुमच्या मामांच्या कपाटात टाइप केलेलं एक इंग्रजी पत्र सापडलं. विषय जलमार्गांचं धोरण आणि खाली बी. आर. आंबेडकर अशी सही. बाबासाहेबांचा नद्यांशी काय संबंध, असं म्हणून घरचे ते खोटं ठरवतायत, आणि तुम्ही विचारताय की ते खरं असू शकतं का.

असू शकतं. घरच्यांचं कारण तरी डोक्यातून काढूनच टाका. पाणी आणि बाबासाहेब म्हटलं की आपल्याला महाडचं चवदार तळं आठवतं आणि आपण तिथेच थांबतो, याचं मला फार वाईट वाटतं. जुलै १९४२ ते जून १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, आणि पाटबंधारे व वीज यांचं धोरण त्याच खात्याकडे होतं. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीने बर्दवानजवळ काठाचा बांध फोडला. रेल्वे तुटली, ग्रँड ट्रंक रोड तुटला, तोही ऐन युद्धात आणि बंगालच्या दुष्काळाच्या वर्षी. तिथून दामोदर खोऱ्याची योजना पुढे सरकली.

३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी जे मांडलं ते मला आजही मोलाचं वाटतं. रेल्वे देशाची मानली गेली, पण पाणी प्रांतांच्या हाती दिलं. नदी मात्र प्रांताची हद्द बघून वाहत नाही. म्हणून पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा विचार अख्ख्या खोऱ्यासाठी एकत्र व्हायला हवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला, महानदीबद्दल बोलताना, ते आणखी पुढे गेले. नुसते बांध घालून पाणी समुद्राकडे हाकलणं हा उपाय नव्हे, माणसाचे हाल जास्त पाण्यापेक्षा कमी पाण्याने अधिक होतात, तेव्हा पाणी साठवा. मूळ भाषणं महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहेत, जरूर वाचा.

मी वडोदऱ्याचा. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढलं, आणि राहायला जागा नाही म्हणून ते कामाठी बागेत येऊन बसले. ती बाग विश्वामित्रीच्या काठावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ही नदी शहरात घुसली, तेव्हा मी कटकचं भाषण पुन्हा काढून वाचलं.

आता तुमचं पत्र. आधी तारीख बघा. ती वरच्या चार वर्षांतली असेल तर पदनाम मजूर सदस्याचं हवं आणि खातं ‘डिपार्टमेंट’ हवं. ‘मिनिस्ट्री’ आणि ‘मिनिस्टर’ हे शब्द १९४७ नंतरच्या कायदामंत्र्यांच्या कागदावर शोभतील. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग एप्रिल १९४५ मध्ये स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचं मूळ तेच. १९४४ च्या पत्रात तो आयोग काम करताना दिसला तर शंका घ्या. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन तर जुलै १९४८ चं.

मग सही. एका जुन्या कागदांच्या विक्रेत्याकडून मी असंच एका मोठ्या पुढाऱ्याचं पत्र घेतलं होतं. घरी आणून भिंगाखाली धरलं तर सहीच्या रेघेत शाई नव्हतीच, बारीक बारीक ठिपके होते. सही छापलेली होती. फाउंटन पेनच्या सहीत रेघ कुठे दाट, कुठे फिकी दिसते, वळणावर शाई साचते आणि कागदाच्या तंतूंत किंचित पसरते. टाइप केलेला कागद उलटा करून बोट फिरवा, अक्षरांचा उठाव लागतो, पूर्णविरामाशी तर कधीकधी बारीक भोकच पडलेलं असतं. नोटा तपासायची जांभळी टॉर्चही मारून बघा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुतेक १९५० नंतरचा, कारण ती चमक आणणारी रसायनं कागदात त्या सुमारास येऊ लागली. चमकला नाही म्हणून पत्र खरं ठरत नाही, जुना कोरा कागद आजही मिळतो.

डाव्या कोपऱ्यात टॅगचं भोक, फाइल क्रमांक, आवक-जावकचा शिक्का असं काही आहे का, तेही नीट पाहा. असेल तर कागद सरकारी फाइलमधून बाहेर पडलेला असू शकतो. तो विकायच्या भानगडीत पडू नका, आधी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला लिहा.

तोवर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. घड्या उलगडून दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा आणि मामांना विचारा की ते पत्र त्यांच्याकडे कुणाकडून आलं.