जपानमध्ये अकिता कुत्र्याच्या ब्रीडरकडे पिल्लू बघायला जायचं आहे. परदेशी माणसाला नीट वागवतात का? सोबत काय न्यावं?

तुम्ही लिहिलंय की टोकियोत नोकरीला लागून वर्ष झालंय, अकिताचं पिल्लू घ्यायचंय, एका ब्रीडरशी फोनवर बोलणं झालंय आणि भारतीय म्हणून दारातूनच परत पाठवतील अशी धास्ती वाटते. मला ब्रीडरनं परत पाठवलंय, पिल्लू न देता. आणि त्या घरात जे आदरातिथ्य झालं ते मी सख्ख्या नात्यातसुद्धा क्वचित पाहिलंय. म्हणून लिहायला बसले.

आम्ही टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहतो. लेक सात वर्षांची असताना टोकियोतल्या शिबुया स्टेशनबाहेर हाचिकोच्या, म्हणजे मालक वारल्यावरही रोज स्टेशनवर त्याची वाट बघणाऱ्या अकिता कुत्र्याच्या पुतळ्यापाशी हट्ट धरून बसली, तिथून हे सुरू झालं. हाचिको शिबुयाचा नाहीच. तो जन्मला 1923 मध्ये, उत्तरेला अकिता प्रांतातल्या ओदाते गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी. ओदातेत ही कुत्री अजून पाळतात, वाढवतात. अकिता जातीची जपणूक करणारी संस्थाही तिथलीच, 1927 पासूनची. 1931 मध्ये सरकारनं या कुत्र्याला नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर केलं. ओळखीच्या एका जपानी बाईंनी तिथल्या एका आजोबांचा नंबर दिला. त्यांची कुत्री व्याली होती.

जानेवारीच्या शेवटी निघालो. कोमाची शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, अकिता शहरापर्यंत चार तास, पुढे साध्या लोहमार्गावरून ओदातेपर्यंत दीड तास. रात्री परत अकिताला येऊन हॉटेलात मुक्काम करायचा असं ठरलं होतं. आजोबा स्टेशनवर घ्यायला आले होते. फोर-व्हील ड्राइव्हची छोटी मालवाहू गाडी, मागे बर्फ उपसायचं फावडं. मी दोन्ही हातांनी मिठाईचा डबा पुढे केला, त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि लेकीच्या पायांकडे बघितलं. तिचे बूट शहरातले, पातळ. काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर आजींनी तिच्यासाठी लोकरीचे मोजे स्टोव्हवर गरम करायला ठेवले होते. म्हणजे त्यांनी वाटेतून फोन केला असणार, कधी केला ते आम्हाला कळलंही नाही.

पिल्लं लगेच दाखवली नाहीत. आधी हात धुवायला लावले, कपड्यांवर घालायला अंगरखे दिले, आणि आज दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला हात लावलाय का ते विचारलं. मग कोतात्सूखाली, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या पांघरूण घातलेल्या बैठ्या मेजाखाली, पाय घालून बसवलं, चहा आणि इबुरीगाक्को दिलं. धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं ते. पहिल्या घासाला चुलीवरच्या भाकरीचा वास आला आणि मी गप्प झाले. त्यानंतर प्रश्न सुरू झाले.

घर कुठल्या मजल्यावर? भाड्याचं की स्वतःचं? घरमालकाची लेखी परवानगी आहे? दिवसा घरी कोण असतं? ऑगस्टमध्ये टोकियोत उन्हाचं फिरायला कसं नेणार? आधी कुत्रं पाळलंय का? आणि शेवटी, भारतात परत कधी जाणार?

खरं सांगते, मुलीच्या लग्नाला स्थळ बघायला आलेले लोकही इतकं विचारत नाहीत. पण आवाजात कुठे उलटतपासणी नव्हती. एक प्रश्न झाला की ते थांबायचे, आजी कप भरायच्या, मग पुढचा. मी खरं ते सांगितलं. भाड्याचं घर, छोट्या कुत्र्यापुरती परवानगी, आम्ही दोघं कामाला, लेक चारपर्यंत शाळेत, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक पुण्याला.

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तुमच्या गावाकडे कुठलं कुत्रं असतं?"

माझे आजोबा लातूरकडचे. त्यांच्या शेतावर कारवानी कुत्रं होतं. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, पाय काठीसारखे. लहानपणी आम्हाला वाटायचं त्याला कोणी खायलाच घालत नाही. मोडक्या जपानीत हे सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. समोरच्या आजोबांनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि छातीच्या खोलीवर बोट ठेवून म्हणाले, पळणारं कुत्रं आहे, उन्हातलं. बरोबर! मग ते उठले आणि म्हणाले, चला, आता पिल्लं बघा.

पाच होती, 40 दिवसांची. आई कुत्री दारातच आडवी उभी राहिली. आजोबा तिच्याशी बोलले, ती बाजूला झाली. लेकीला त्यांनी जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि सांगितलं, तू हात लावायचा नाही, ती येतील. दहा मिनिटं कोणी आलं नाही. मग एक तांबूस पिल्लू आलं, तिच्या मोज्याचा धागा धरला आणि तिथेच झोपलं. पोर श्वास रोखून बसली होती.

तेवढ्यात बर्फ वाढलं, गाड्या बंद झाल्या. हॉटेलला फोन करून बुकिंग रद्द करायचं काम आजींनी स्वतः केलं, आम्हाला विचारायच्या आत.

आता जेवणाचं सांगते, कारण परदेशात माणुसकी नसते असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं. तिथलं जेवण म्हणजे किरितान्पो. ताजा भात अर्धवट कुटायचा, देवदारासारख्या सुगी लाकडाच्या काठीभोवती हातानं थापायचा, निखाऱ्यावर खरपूस भाजायचा, मग काठी ओढून काढून तुकडे रश्श्यात सोडायचे. रस्सा हिनाई कोंबडीचा असतो, त्यावर त्या प्रांताचा सगळा जीव. आम्ही शाकाहारी. फोनवर मी एकदाच, ओझरतं सांगितलं होतं. आजींनी दुसरं भांडं मांडलं होतं. सकाळपासून कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळलेले शिताके मश्रूम भिजत घातलेले, त्याचा रस्सा. त्यात गोबो हे कंदमूळ, माइताके मश्रूम, कांद्याची पात आणि सेरी ही पालेभाजी, मुळांसकट. सेरीची पांढरी मुळं त्यांनी जुन्या टूथब्रशनं एकेक घासून स्वच्छ केली होती, मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं. मुळांशिवाय सेरीला चव नाही म्हणाल्या. आणि कोंबडीच्या भांड्यातला डाव आमच्या भांड्यात जाऊ नये म्हणून आमच्या डावाला लाल दोरा बांधला होता.

माझ्या सासरी शाकाहारी पाहुण्यासाठी वेगळा डाव कोणी ठेवल्याचं मला आठवत नाही.

पहाटे साडेपाचला आजोबा आई कुत्रीला फिरवायला निघाले, मी बरोबर गेले. गुडघाभर बर्फ. ती पुढे, आम्ही तिच्या मागच्या वाटेत. परत आल्यावर अंगणातच त्यांनी टोपी काढली, खाली वाकले आणि म्हणाले, "चोत्तो मुझुकाशीई." जरा अवघड आहे. जपानीत याचा अर्थ नाही असा होतो हे तुम्हाला वर्षभरात कळलंच असेल. मग एरवी जपानी माणूस देत नाही तशी कारणंही त्यांनी दिली: हे कुत्रं एका माणसाला धरून राहतं, तुम्ही गेलात की त्याला दुसरं घर बघावं लागेल, आणि बरोबर नेलंत तर तुमच्या उन्हात त्याचे हाल होतील. मला वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, ते टोपी हातातच धरून उभे होते.

निघताना आजींनी मागेवाप्पाच्या, म्हणजे सुगीची पातळ फळी वाकवून केलेल्या डब्यात भात आणि लोणचं बांधून दिलं. तो डबा ओदातेची खासियत आहे आणि स्वस्त नसतो. परत देऊ नका म्हणाल्या.

हे सगळं मी पुण्याला दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "सहाशे किलोमीटर जाऊन लोणचं घेऊन आलीस. जपानी असतीस तर दिलं असतं. खायला घातलं आणि वाटेला लावलं, याला पाहुणचार म्हणतात?" हा वाद आमच्यात चार वर्षं चाललाय. दादा, तू हे वाचतोस मला माहितीये. त्याच महिन्यात आजोबांनी टोकियोच्या एका जपानी जोडप्यालाही नाही म्हटलं होतं, त्यांचं घर अकराव्या मजल्यावर होतं. आजींनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. आणि 2018 ला तू जे हस्कीचं पिल्लू घेतलंस ते तुला कोणी काय विचारून दिलं? फोटो पाठवला, पैसे घेतले, खोक्यातून घरी आणून दिलं. पाच आठवड्यांचं होतं ते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही हा नियम आपल्याकडेही 2017 मध्ये आलेला होता. नवव्या दिवशी पार्वो या विषाणूच्या रोगानं गेलं. आई रात्रभर त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. त्या विकणाऱ्यानं तुझं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि तो तुला चांगला वाटला, कारण त्यानं नाही म्हटलं नाही.

बरं, तुमच्या प्रश्नाकडे येते. परदेशी म्हणून वाईट वागणूक मिळेल का? माझ्या अनुभवात नाही. आपल्या योगेंद्र पुराणिकांना एदोगावाच्या मतदारांनी 2019 मध्ये वॉर्डाच्या सभेवर निवडून दिलंय, त्यामुळे सगळे जपानी परक्याला दूर ठेवतात हे बोलणं सोडून द्या. विचारतील मात्र खूप. खोटं सांगू नका. भारतात परतायचा बेत असेल तर आधीच सांगा.

न्यायचं काय? बंद डब्यातली चांगली मिठाई, धुतलेले मोजे, घराच्या करारातलं पाळीव प्राण्याचं कलम. ते कलम स्वतः नीट वाचा, "पेट्टो का", म्हणजे पाळीव प्राणी चालतील, असं लिहिलेल्या घरांतही बऱ्याचदा 10 किलोच्या आतलंच कुत्रं चालतं आणि अकिताचा नर 40 किलोच्या घरात जातो. एका दिवशी दोन ब्रीडरांकडे जाऊ नका, रोग कपड्यांवरून जातो. विक्रेत्यानं पिल्लू प्रत्यक्ष दाखवून समोरासमोर माहिती द्यायची असा इथला कायदा आहे, त्यामुळे नुसत्या फोटोवर पैसे मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या. आई कुत्री दाखवत नसेल तरी तेच. 2021 पासून 56 दिवसांच्या आत पिल्लू विकता येत नाही. अकितासारख्या देशी जातींना, ब्रीडरनं थेट विकलं तर, 49 दिवसांची सूट आहे. 2022 पासून ब्रीडरला मायक्रोचिप बसवूनच द्यावी लागते. पुढे पालिकेत नोंद आणि दरवर्षी रेबीजची लस.

आणि कुत्रं घेऊन दिवाळीला घरी जाऊन येऊ असं मनात असेल तर काढून टाका. जपानमध्ये 1957 नंतर प्राण्यांत रेबीज नाही, त्यामुळे भारतातून कुत्रं आणायचं तर चिप, दोन लसी, रक्ताची चाचणी आणि त्यानंतर 180 दिवसांची वाट. अकिता कायमचा पुण्या-मुंबईला नेणं तर मला पटतच नाही. एसी लावू म्हणतात लोक. त्याला बर्फात पोटापर्यंत बुडून चालताना मी पाहिलंय, एसीच्या खोलीत ते कुत्रं काय करणार? आपल्याकडे कारवानी आहे, मुधोळ आहे, ती घ्या ना.

हेही सांगते की माझा अनुभव एका घराचा आहे. इथेही पिंजऱ्यांवर पिंजरे रचून वीण काढणारे आहेत, आणि शहरातल्या काचेच्या दुकानांत मिळणाऱ्या पिल्लांची आई कुठे असते हे कोणी विचारत नाही. ओदातेत सगळेच आमच्या आजोबांसारखे असतील असं मी म्हणत नाही. नुसती कुत्री बघायची असतील तर तिथे स्टेशनसमोर 2019 मध्ये उघडलेलं अकिता-इनू-नो-सातो हे अकिता कुत्र्यांचं केंद्र आहे, तिथून सुरुवात करा.

ते तांबूस पिल्लू आओमोरीच्या एका सफरचंदवाल्याकडे गेलं. लेक दर हिवाळ्यात आठवडाभर ओदातेला राहते, आजोबांबरोबर पहाटे फिरायला जाते, तिच्या मापाचे बर्फातले बूट आता त्यांच्या दाराशी असतात. आम्ही अजून टोकियोतच आहोत, पुण्याला जायचं पुढे पुढे ढकललं जातंय. कुत्रं घेतलेलं नाही.

येत्या नोव्हेंबरात दादा पहिल्यांदा इकडे येतोय. कोमाचीची चार तिकिटं काढणार आहे. परवा आजींना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, भाऊही शाकाहारी का? म्हटलं नाही, त्याला कोंबडी चालते. तरी लाल दोऱ्याचा डाव तुमच्यासाठी वेगळाच ठेवते, म्हणाल्या.