‘कपाळमोक्ष ठरलेला’ म्हणजे नेमकं काय?

कपाळमोक्ष म्हणजे मुळात चितेवर कवटी फुटणं. त्या वाटेनं प्राण मोकळा होतो, अशी समजूत. म्हणूनच आजारी माणसापाशी किंवा लग्नघरी हा शब्द काढू नये, फार लागतो.

बोलताना एक अर्थ अगदी शब्दशः: ‘पायरीवर शेवाळ आहे, घसरलास तर कपाळमोक्ष होईल.’ दुसरा, न टळणाऱ्या अपयशाचा: ‘पुस्तक उघडलं नाही, परीक्षेत कपाळमोक्ष ठरलेला.’ इथे ‘ठरलेला’ महत्त्वाचा. अटळपणा त्यातून येतो.

शब्द पुल्लिंगी. कपाळमोक्ष ‘होतो’, ‘उडत’ नाही. उडतो तो फज्जा किंवा बोजवारा. बोजवारा कारभाराचा, वेळापत्रकाचा. तो पुन्हा सावरता येतो. कपाळमोक्षानंतर सावरायला काही उरत नाही, तेव्हा किरकोळ चुकीला तो वापरू नका.