पोरगा टेक्सासला चाललाय, तिथे वर्गात बंदूक चालते म्हणे

प्रश्न: माझा मुलगा ऑगस्टमध्ये एमएसला टेक्सासच्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत चाललाय. त्याच्या सिनियरने सांगितलं की तिकडे पोरं कंबरेला बंदूक लावून वर्गात बसू शकतात. तेव्हापासून मला झोप नाही. ह्याचे बाबा म्हणतात उलट बरंय, कोणी माथेफिरू घुसला तर थांबवायला कोणीतरी असेल, ह्यानेही एक घेऊन ठेवावी. तुम्हाला काय वाटतं?
– एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: ताई, सिनियर बरोबर सांगून राहिला. टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून लायसन्सवाल्याला बंदूक जवळ ठेवता येते, फक्त ती कोणाला दिसली नाही पाहिजे. प्रायव्हेटवाल्यांना नाही म्हणायची मुभा होती, बहुतेकांनी नाहीच म्हटलं.

बाबांना आधी हे सांगा की तुमच्या मुलाला बंदूक घेताच येणार नाही. स्टुडंट व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक काय, गोळीसुद्धा जवळ ठेवायला बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर.

आता थांबवायला कोणीतरी असेल ह्याबद्दल. हा कायदा लागू झाला त्याच्या बरोबर ५० वर्षं आधी, १ ऑगस्ट १९६६ ला, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीच्या टॉवरवरून एकाने खाली दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा लोकांनी आपापल्या रायफली आणून खालून गोळीबार केला आणि त्याला आडोशाला दबून बसावं लागलं, बंदुकीच्या बाजूचे लोक हे नेहमी सांगतात आणि ते खोटं नाही. पण त्याच दिवशी १८ वर्षांची एक गरोदर पोरगी गोळी लागून तासाभराहून जास्त वेळ तापलेल्या काँक्रीटवर पडून होती, आपल्या सिमेंट रोडवर मे महिन्यात चप्पल तुटली की काय होतं ते आठवा, आणि तिला उचलून नेलं ते रिकाम्या हाताने धावलेल्या पोरांनी. ती वाचली, बाळ गेलं. उतारवयात तीच बाई ह्या कायद्याच्या विरोधात टेक्सासच्या विधिमंडळात बोलायला गेली. मला तिचं म्हणणं पटतं. २०१५ मध्ये ओरेगनच्या एका कॉलेजात गोळीबार झाला तेव्हा एक माजी सैनिक बंदूक घेऊन कॅम्पसमध्येच होता, पण तो मधे पडला नाही, कारण पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील ही भीती.

आणि मी इथे नागपुरात बरीच वर्षं शिकवलंय. एकदा इंटर्नलचे मार्क कमी पडले म्हणून एक मुलगा केबिनमध्ये येऊन टेबलावर हात आपटून, नाही नाही ते बोलून गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी दारात उभा, डोळे सुजलेले, सॉरी म्हणाला. आज चांगल्या नोकरीत आहे. त्या दिवशी त्याच्या कंबरेला काही असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही एवढं करा. बंदुकीचे नियम युनिव्हर्सिटीच्या साइटवर असतात, ते त्याला वाचायला लावा, पोचल्या पोचल्या इमर्जन्सी अलर्टला मोबाइल नंबर जोडायला सांगा. खोली घ्यायच्या आधी रूममेटला विचारायचं, घरात बंदूक आहे का, लाजायचं नाही. असली तर दुसरी खोली बघ म्हणा, आणि कोणी दाखवायला काढलीच तर फोटोपुरतीसुद्धा हातात घ्यायची नाही.